फोटो लियामचा, वर्ग मारिसेलचा

मारिसेल नावाच्या फिलिपिनो शिक्षिकेवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते. गेल्या जूनमध्ये, थायलंडच्या शाळांत गुरुपूजा होते तिच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी, सकाळी आठ वाजता. राष्ट्रगीत नुकतंच संपलं होतं आणि मुलं अजून झेंड्यासमोर रांगेत उभी होती. मुख्याध्यापकांनी माइक घेतला, शेजारी उभ्या असलेल्या उंच, गोऱ्या, सोनेरी केसांच्या पोराकडे हात केला आणि जाहीर केलं की चौथीच्या इंग्रजी तुकडीला आजपासून इंग्लंडहून आलेले टीचर लियाम शिकवतील. टाळ्या वाजल्या. सहा वर्षं ती तुकडी सांभाळणारी मारिसेल त्याच मुलांच्या मागे उभी होती. तिला ही बातमी त्या माइकवरूनच कळली. तीही टाळ्या वाजवत होती.

मी तिच्या शेजारी होते. मी वाजवल्या नाहीत.

प्रवासाच्या लेखात आधी विमान येतं, मग हॉटेल, मग समुद्र. माझ्या वाट्याला समुद्र आला नाही आणि विमानात मी झोपले होते, त्यामुळे तो भाग गाळते. मी सुवर्णा. मूळची नामपूरची, म्हणजे कांद्याच्या बाजाराच्या गावची. नाशिकला शिकले, तिथल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दोन वर्षं शिकवलं आणि संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहिली. बसचे पास, वसतिगृहाचं पाणी, परीक्षेची फी. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव पहिल्या ओळीत आणि मागणी शेवटच्या ओळीत, ही सवय तिथली. मग थायलंडमधल्या एका शाळेत वर्षभरासाठी इंग्रजीची शिक्षिका म्हणून नोकरी मिळाली आणि मी गेले.

नदीकाठचं गाव

गावाचं नाव देत नाही, शाळा लगेच ओळखू येईल. ईशान्येला, मेकाँग नदीच्या काठावर आहे एवढं पुरे. पलीकडच्या काठावर लाओस देश. संध्याकाळी तिकडचे दिवे लागले की आपल्याकडच्या पाण्यात दिसतात. गोदावरीचा घाट बघितलेल्या माणसाला ती नदी आधी पटतच नाही, इतकी रुंद आहे. घाटावर संध्याकाळी आरतीचा भोंगा असतो, इथे व्यायामाचा. दिवस कलला की काठावरच्या मोकळ्या जागेत एक बाई ओट्यावर चढते, गाणं लावते, आणि भाजीवाल्या, पोलीस, आज्ज्या, झाडून सगळे तिच्या तालावर हातपाय हलवतात. कोणी कोणाकडे बघून हसत नाही. आमच्याकडे एखादी काकू अशी उघड्यावर उड्या मारायला लागली तर गल्लीत महिनाभराचा विषय होईल. तिसऱ्या दिवशी मीही जाऊन मागच्या रांगेत उभी राहिले.

माझी खोली एका लाँड्रीच्या वर होती. भिंतीवर हातभर लांबीची पाल राहायची आणि रात्री ‘तुक्के, तुक्के’ असं आपलंच नाव घेत ओरडायची. खालच्या लाँड्रीवाल्या बाई रोज सकाळी मला एकच प्रश्न विचारायच्या, जेवलीस का? शाळेतही तोच, बाजारातही तोच. नमस्कारच तो. मला वाटायचं मी उपाशी दिसते की काय. मग लक्षात आलं, नामपूरला पारावर बसलेला म्हाताराही येणाऱ्या-जाणाऱ्याला दुसरं काय विचारतो? आईचा फोन आला की तिचंही तेच, अहिराणीत. “तठे बरं शे ना? काय खास तू?”

काय खात होते तर चिकट भात. बांबूच्या छोट्या टोपलीत येतो. हाताने तोडायचा, गोळा करायचा आणि कशात तरी बुडवायचा. चमचा मागितला तर लोक दयेने बघतात. सोबत कच्च्या पपईचा कीस, मिरची, शेंगदाणे आणि लिंबू, लाकडी खलात कुटून दिलेलं. त्यात आंबवलेल्या माशाचं पाणी घालतात. त्याच्या वासाने पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्या महिन्यात त्याशिवाय जेवण जाईना. बाजारात कांदे बघायला गेले, सवयच ती. बोराएवढे लाल कांदे, जुड्या बांधून टांगलेले. मी विक्रेतीला मोबाइलवर आमच्या बाजारातल्या कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरचा फोटो दाखवला. तिने तो शेजारणीला दाखवला, तिने पुढच्या शेजारणीला. फोन परत यायला बराच वेळ लागला. आल्यावर विक्रेतीने मला एक जुडी फुकट दिली. बहुधा कीव आली असावी, एवढे मोठे कांदे खाणाऱ्यांची.

शाळेत माझं नाव कोणाला शिकवावं लागलं नाही. सुवर्णा हे तिकडेही बायकांचं नाव आहे, फक्त जरा जुन्या वळणाचं. मुलांना फार गंमत वाटली. म्हणजे आपल्याकडे परदेशातून बाई यावी आणि तिचं नाव गंगूबाई निघावं. शिक्षकाला ते ख्रू म्हणतात, मूळ आपला गुरूच. तर मी ख्रू सुवर्णा झाले आणि पहिल्याच आठवड्यात चुकले. दुसरीतल्या एका मुलीने फळ्यावर उत्तर बरोबर लिहिलं, मी शाबास म्हणून तिच्या डोक्यावर हात फिरवला. तिकडे डोकं म्हणजे शरीरातली सगळ्यात पवित्र जागा, परक्याने तिथे हात लावायचा नसतो. आपल्याकडे आशीर्वाद तिथेच ठेवतात.

हे मला ख्रू नॉय यांनी सांगितलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कायम हसऱ्या थाई बाई. शाळेचा परदेशी शिक्षकांचा विभाग त्या बघायच्या. रागावल्या की जास्त हसायच्या, हे मला उशिरा कळलं. त्या दिवशी खूप हसल्या होत्या.

आणि मारिसेल. पस्तिशीची, शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेली, गळ्यात कायम शिट्टी नाहीतर चित्रांची कार्डं. तिची मुलगी जोई याच शाळेत दुसरीला होती आणि तिथल्या मुलांसारखीच थाई बोलायची. मला पहिला महिना मारिसेलनेच तारलं. वर्ग कसा शांत करायचा, कोणत्या मुलाला एकट्याला विचारलं की तो रडतो, कोणाला विचारलं नाही तर रडतो, सगळं तिला पाठ. तिची मुलं इंग्रजीत भांडायची. इंग्रजीच्या शिक्षकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं.

मग तिला का काढलं? ती तुकडी जास्त फीची. तिथल्या पालकांना फळ्यासमोर गोरा माणूस हवा होता. मी कमी फीच्या वर्गांना शिकवायचे, तिथे माझा रंग कोणाला खुपत नव्हता. सोमवारी दुपारपर्यंत फाटकावरचा मोठा फ्लेक्स बदलला. त्यावर लियामचा हसरा चेहरा, मागे इंग्लंडचं घड्याळ. मारिसेलला ऑफिसात बसवून कागद लॅमिनेट करायला दिले.

लियामवर माझा राग होता, पण तो टिकेना. तेवीस वर्षांचा पोरगा, इंग्लंडात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचा, देश बघायला आला होता. पहिला तास संपवून तो घामाघूम होऊन स्टाफरूममध्ये आला आणि थेट मारिसेलसमोर बसला. म्हणाला, अख्खा तास त्या मुलांशी बोलायचं तरी काय? मारिसेलने आपली कार्डं त्याच्या हातात ठेवली आणि त्याला उद्याचा धडा शिकवायला बसली.

मला नाशिकचे गावित सर आठवले.

गावित सर हरसूलकडचे, म्हणजे नाशिकच्या आदिवासी भागातले. मी जिथे शिकवत होते त्याच शाळेत ते सहावीला इंग्रजी शिकवायचे, आणि असं शिकवायचे की मागच्या बाकावरची मुलं तास संपल्यावर त्यांच्यामागे मैदानापर्यंत जायची. काही पालकांनी तक्रार केली की सरांचे उच्चार गावठी आहेत. सरांच्या हातात शिट्टी दिली, मैदानावर पाठवलं. मी पत्रक काढलं, शाळेचं आणि मुख्याध्यापिकाबाईंचं नाव ठळक अक्षरांत टाकून. शाळेच्या फाटकावर उभी राहून स्वतः वाटलं. खूप वाचलं गेलं. सर मैदानावरच राहिले.

तरी मला तोच एक रस्ता माहीत होता.

बुधवारची बैठक

बुधवारी शाळा सुटल्यावर सगळ्या शिक्षकांची बैठक होती. मुख्याध्यापक मध्ये, बाकीचे गोल. शेवटी काही विचारायचं आहे का असं त्यांनी सवयीने विचारलं. तिथे कोणी काही विचारत नाही. मी उभी राहिले.

मी सगळं बोलले. सहा वर्षांची नोकरी, पदवी, मुलांसमोर झालेला अपमान, कातडीचा रंग. शेवटी मागणी केली की मुख्याध्यापकांनी आत्ता, सगळ्यांसमोर कारण सांगावं. मग ख्रू नॉय यांनी माझ्या भाषणाचं थाईत भाषांतर केलं. एका वाक्यात. आणि हसल्या. फार हसल्या. नंतर कळलं की त्या वाक्याचा अर्थ होता, ख्रू सुवर्णा यांना आपल्या शाळेबद्दल खूप आपुलकी आहे.

उपयोग नव्हता, मुख्याध्यापकांना इंग्रजी चांगलं कळायचं. तेही हसले. विचार करू म्हणाले. सगळे शिक्षक आपापल्या मोज्यांकडे बघत होते. नाशिकला असं झालं असतं तर निदान दोघं माझ्या बाजूने ओरडले असते, दोघं माझ्यावर, आणि बाहेर चहाच्या टपरीवर अर्धी शाळा माझ्याभोवती जमली असती. इथे सगळे शांतपणे उठले, खुर्च्या सरळ केल्या आणि गेले.

गुरुवारी सकाळी मारिसेलचं टेबल रिकामं होतं. महिनाअखेरपर्यंत विश्रांती घ्या, पुढचं नंतर बघू, असं तिला सांगितलं होतं. तिकडे यापेक्षा कडक शब्द वापरत नाहीत. मला तिनेच उभं केलं असं त्यांना वाटलं होतं. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की जोईची शाळा.

मी तिच्या घरी गेले. दारात चपला काढल्या, ती आत ये म्हणाली नाही. तिथेच बोलली, आवाज न चढवता.

“मी तुला बोलायला सांगितलं होतं?”

मी म्हटलं, अन्याय दिसल्यावर कोणी सांगायची वाट बघायची नसते.

“तुझ्याकडे परतीचं तिकीट आहे, सुवर्णा. माझ्याकडे दुसरीतली मुलगी आहे. मला ऑफिसात बसवलं होतं, मी चार महिन्यांनी परत वर्गात गेले असते. आता ते मला परत घेतील तर तुझ्यामुळे घेतलं असं दिसेल. म्हणून घेणार नाहीत.”

जोईने आतून मला हात केला. मी परत निघाले, नदीकाठी त्या व्यायामाच्या गाण्यात बसून राहिले, हातपाय न हलवता.

तिथेच ख्रू नॉय आल्या. त्या रोज यायच्या, पहिल्या रांगेत. घाम पुसत शेजारी बसल्या आणि आधी विचारलं, जेवलीस का. मग म्हणाल्या, “तुमच्याकडे माणसाला खोलीत कोंडतात, बाहेरून कडी घालतात आणि मग ओरडतात का, बाहेर ये, बाहेर ये?”

मी म्हटलं, आमच्याकडे खोटं वागणाऱ्याला चारचौघांत जाब विचारतात.

“आणि तो देतो?”

त्या हसल्या नाहीत, म्हणजे रागावलेल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात गुरुपूजा आहे, मदतीला ये, आणि तोंड घरी ठेवून ये.

गुरुपूजेचा गुरुवार

गुरुपूजा तिकडेही गुरुवारीच करतात. आदल्या दुपारी प्रत्येक वर्ग आपल्या शिक्षकांसाठी फुलांचं तबक सजवतो. मी मदतीला बसले आणि मुलांनी समोर काय आणून ओतलं तर दूर्वा. आपल्या गणपतीच्या दूर्वा. शेजारी लाह्या, वांग्याची जांभळी फुलं आणि सुईसारख्या टोकदार कळ्यांचे लाल गुच्छ. दूर्वा पसरते तशी विद्या पसरावी, लाह्या फुटतात तशी बुद्धी फुलावी, कळीसारखी ती टोकदार व्हावी आणि वांग्याचं फूल खाली वाकतं तसं शिष्याने वाकावं. नामपूरला आमच्या वाफ्यात वांगी असायची. त्याचं फूल कोणी देवाला वाहिलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी दूर्वांच्या जुड्या आपल्या पद्धतीने दोऱ्याने करकचून बांधल्या, तर चौथीच्या पोरी भोवती जमल्या आणि बघता बघता सगळी तबकं गणपतीच्या पाटासारखी दिसायला लागली. ख्रू नॉय यांनी मान हलवली, काढायला मात्र लावल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मुलं जमिनीवर, शिक्षक मंचावर खुर्च्यांवर, आणि मागे पालक, मोबाइल उंच धरून. मुलं गुडघ्यांवर सरकत येतात, तबक देतात, डोकं जमिनीला टेकवतात. माझ्यापुढे दुसरीतली तीच मुलगी आली. या वेळी मी हात आवरला.

मग शेवटचा विधी. प्रत्येक वर्गाची पुस्तकं एका तबकात येतात आणि मुख्याध्यापक बोटाने त्यांवर पांढऱ्या गंधाचे ठिपके देतात. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन असायचं तसं. वर्गाचे शिक्षक गुडघ्यांवर चालत पुस्तकं घेऊन जातात. डोकं मुख्याध्यापकांच्या हातापेक्षा वर जाता कामा नये, पाठ कोणाकडे होता कामा नये, तबक हलता कामा नये. चौथीच्या इंग्रजी तुकडीचं नाव पुकारलं. मी लियामकडे बघितलं. तो आपल्या खुर्चीवर हात जोडून बसला होता.

पडद्यामागून मारिसेल आली. थाई रेशमी घागरा, केस बांधलेले, हातात पुस्तकांचं तबक. गुडघ्यांवर सगळा मंच ओलांडून ती मुख्याध्यापकांसमोर गेली आणि वाकली. सभागृहात बसलेली तिची मुलं कुजबुजायला लागली, मग कोणीतरी गप्प केलं. मुख्याध्यापकांनी गंध लावलं. सगळ्यांना एक ठिपका, तिच्या पुस्तकांना तीन. मग माइक घेतला आणि पालकांकडे बघून बोलले. शेजारच्या शिक्षिकेने माझ्या कानात सांगितलं ते असं, की ख्रू मारिसेल यांनी सहा वर्षं शाळेतल्या मुलांना घडवलं, यापुढेही घडवतील, शाळा त्यांची ऋणी आहे.

मागे मोबाइल चालूच होते. सगळं रेकॉर्ड झालं.

दुपारी मी ख्रू नॉय यांना गाठलं. त्यांनी काय केलं होतं? मंगळवारी चहा घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या होत्या आणि एक काळजी बोलून दाखवली होती. लियाम उंच आहे, नवा आहे, गुडघ्यांवर चालताना पडला, तबक सांडलं, तर पालकांसमोर शाळेचं हसं होईल. मारिसेलला सगळा विधी येतो. फक्त एका दिवसापुरतं तिला बोलवायचं का? मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले. “तेही दार शोधतच होते,” ख्रू नॉय म्हणाल्या. “तू कडी घातली होतीस, मी काढली. बाहेर ते स्वतःच्या पायांनी आले.”

सोमवारी वेळापत्रकात मारिसेलचं नाव परत आलं. चौथीच्या तुकडीपुढे लियामचं नाव, त्याखाली सहायक म्हणून तिचं. शिकवायची ती. लियाम शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचा, उच्चार म्हणून दाखवायचा आणि खरं सांगते, मन लावून शिकायचा. तिला तो टीचर म्हणायचा. मारिसेलने मला घरी बोलावलं, भात आणि व्हिनेगरमधली कोंबडी वाढली, बुधवारबद्दल एक शब्द काढला नाही. मीही नाही.

मी ख्रू नॉय यांना विचारलं की फाटकावरच्या फोटोचं काय. सहायक या शब्दाचं काय. हा अर्धाच न्याय झाला.

“अर्धा,” त्या म्हणाल्या. “पण जोई शाळेत आहे.”

मला ते पूर्ण पटलं नाही, आजही पटत नाही. मी मार्चमध्ये निघाले तेव्हा फाटकावर लियामच होता, उन्हाने जरासा फिकट झालेला.

कॉलेज रोड, नाशिक

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका इंग्रजीच्या क्लासने बोलावलं. एसीची केबिन, काचेवर विद्यार्थ्यांचे फोटो. संचालक फार अदबीने बोलत होते. त्यांना माझा थाई मुलांबरोबरचा एखादा फोटो हवा होता, फ्लेक्सवर टाकायला. खाली फॉरेन रिटर्न असं लिहायचं. मी विचारलं, तास किती घ्यायचे?

“तास आमची इथली मुलं घेतात, मॅडम. पेठची, सुरगाण्याची आहेत, हुशार आहेत, पण बोर्डावर चालत नाहीत ना. तुम्ही महिन्यातून एकदा या.”

म्हणजे फाटकावरचा लियाम मी. मी नाही म्हणून बाहेर आले आणि रिक्षा करून थेट जुन्या शाळेत गेले.

गावित सर मैदानावर होते. शिट्टी गळ्यात, ऊन डोक्यावर. मला बघून हसले. “मॅडम, तुमच्या पत्रकाने माझं नाव लय झालं. वर्ग तेवढा नाय भेटला.”

मग सावलीत बसून त्यांनी सांगितलं, सहज, तक्रार न करता. मुख्याध्यापिकाबाई त्यांना एकदा खाजगीत म्हणाल्या होत्या, पत्रक निघालं नसतं तर दिवाळीनंतर तुम्हाला वर्ग परत दिला असता, आता दिला तर मी पत्रकाला घाबरले असं दिसेल. मेकाँगच्या काठावर दारात उभी राहून मारिसेल हेच बोलली होती, जवळजवळ याच शब्दांत.

घंटा झाली. सहावीची मुलं वर्गात गेली, सर मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे शंकू गोळा करायला गेले.

तर आता मागणी. जूनमध्ये शाळा सुरू होतील. तुमचं मूल नाशिकच्या कोणत्याही शाळेत, कोणत्याही क्लासला जात असेल, तर फाटकावर फोटो कोणाचा आहे ते बघून परत फिरू नका. आत जा आणि वर्गात कोण शिकवतं ते विचारा. उच्चार कसे आहेत हे विचारू नका, मागच्या बाकावरचं मूल त्या तासाला हात वर करतं का, ते विचारा. आणि तुमचं मूल सहावीत असेल, आणि मैदानावर शिट्टी वाजवणारे सर त्याला इंग्रजीतल्या गोष्टी सांगतात असं ते घरी येऊन बोलत असेल, तर तुम्ही त्याच शाळेचे पालक आहात. एकटे जा. बाईंच्या केबिनमध्ये बसा, चहा घ्या, आणि म्हणा की आमच्या मुलाला त्या सरांचा वर्ग हवा आहे. एवढंच म्हणा. बाकीचं बाईंना स्वतः सुचू द्या.

शाळेचं नाव या वेळी मी छापलेलं नाही. दाराची कडी काढून ठेवली आहे. आत तुम्ही जा.